भरवशाचें बीं: संकरित मका व नाना प्रकारचीं शेतें

(वाचनाचे भाग: मत्तय १३:१-९, उत्पत्ति ४१:२५-४९)

मृग जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील बंधु बियाण्याच्या दुकानीं जातात. तेथें रंगीत पिशव्यांची रास लागलेली असते व प्रत्येक पिशवीवर भरगच्च कणसाचें चित्र असतें. दुकानदार म्हणतो, ‘‘हेंच न्या, गेल्या वर्षीं अमक्याच्या शेतांत यानें सर्वांहून जास्त उतारा दिला.’’ तें अमक्याचें शेत नदीकांठचें, काळ्या मातीचें व विहिरीच्या पाण्याचें असतें. घेणाऱ्याचें शेत माळावरचें, मुरमाड व केवळ पावसाच्या भरवशाचें असतें. तरी तो तेंच बीं घेतो, कित्येकदां उधारीनें घेतो. पुढें ऐन तुऱ्याच्या वेळीं पाऊस ओढ देतो आणि त्याच्या पदरांत वैरण पडते, दाणा पडत नाहीं. मग तो उपदेशकाकडे येऊन विचारतो, ‘‘मास्तर, बीं खोटें होतें काय?’’

कधीं कधीं बीं खरोखरच खोटें असतें. परंतु पुष्कळ वेळां खरें उत्तर असें असतें कीं, बीं खोटें नव्हतें, तें त्या शेताचें नव्हतें. चांगल्या शेतांत सर्वांहून अधिक पिकणारें बीं निराळें, आणि पुष्कळ प्रकारच्या शेतांत, बऱ्या व वाईट अशा दोन्ही वर्षीं, घराची लाज राखणारें बीं निराळें. हा भेद ओळखण्यास मक्याची पैदास करणाऱ्या विद्वानांसहि पुष्कळ वर्षें लागलीं. ते तो कसे शिकले व त्यांतून आमच्या मंडळ्यांनीं काय घ्यावें, हें आजच्या पाठांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

१. बीं एक, जमिनी चार

पेरणाऱ्याच्या दाखल्यांत पेरणारा एक आहे, बीं एक आहे, परंतु जमीन चार प्रकारची आहे. प्रभु तेथें मनुष्याच्या अंतःकरणाविषयीं बोलत होता, शेतीचा धडा देत नव्हता. तो अर्थ आम्ही बदलूं इच्छीत नाहीं. तथापि ज्या गोष्टीवर त्यानें तो दाखला उभारला ती ऐकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक होती. जेथें माती थोडी तेथें मूळ खोल जात नाहीं व ऊन तापलें कीं रोप वाळतें. चांगल्या जमिनींतसुद्धां कोठें तीसपट, कोठें साठपट, कोठें शंभरपट असें पीक येतें. सर्वत्र सारखें येत नाहीं.

पैदास करणारा याच्या पुढचा प्रश्न विचारतो. समजा जमिनी पुष्कळ आहेत आणि बियांचे वाणहि पुष्कळ आहेत. मग प्रत्येक वाण प्रत्येक जमिनींत सारख्याच क्रमानें उभा राहतो काय? म्हणजे नदीकांठीं जो पहिला आला तोच माळावरहि पहिला येतो काय? उत्तर ‘नाहीं’ असें आहे. कित्येकदां क्रम उलटा होतो, आणि या उलटण्यांतच शेतकऱ्याचें सारें संकट लपलेलें असतें.

२. मक्याचा स्वभाव व संकराची रीत

मका हा मूळचा अमेरिका खंडांतील. सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं मेक्सिको देशांतील लोकांनीं एका रानगवतापासून तो हळूहळू घडविला. त्याच्या झाडाची रचना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शेंड्यावर तुरा येतो तो नर. मध्यावर कणीस येतें तें मादी. कणसाच्या टोकांतून जे रेशमासारखे केस बाहेर पडतात, त्यांतील एकेक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यांतील पराग वाऱ्यानें उडून त्या केसावर पडला तरच तो दाणा धरतो. केस कोरडा राहिला तर कणसावर तेवढी जागा रिकामी राहते. वारा शेजारच्या झाडाचा व शेजारच्या शेताचाहि पराग आणतो. म्हणून साध्या मक्याचें प्रत्येक झाड मिश्र वंशाचें असतें.

अमेरिकेंतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें जॉर्ज शल नांवाच्या शास्त्रज्ञानें मक्याच्या झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर पाडून पिढ्यानपिढ्या बीं धरलें. झाडें खुजीं व दुबळीं होत गेलीं, परंतु एका वंशाचीं सर्व झाडें एकसारखीं झालीं. असे दोन निरनिराळे शुद्ध वंश घेऊन त्यांचा संकर केला, तेव्हां दुबळ्या आईबापांच्या पोटीं जोमदार संतति निपजली. हें त्यानें १९०८ सालीं प्रसिद्ध केलें. यास एकेरी संकर म्हणतात. अडचण एवढीच होती कीं, आईचें झाडच दुबळें असल्यामुळें बीं थोडें येई व महाग पडे. १९१८ च्या सुमारास कनेक्टिकट येथील डोनाल्ड जोन्स यानें तोड काढली. चार शुद्ध वंशांपासून आधीं दोन एकेरी संकर करावे, व मग त्या दोन जोमदार संकरांचा पुनः संकर करावा. हा दुहेरी संकर होय. यामुळें बीं पुष्कळ व स्वस्त झालें.

१९३४ व १९३६ या सालीं अमेरिकेच्या मध्य प्रांतांत भयंकर अवर्षण पडलें. तेथील शेतकऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें कीं, जुना मका लोळला त्या ठिकाणीं पुष्कळ संकरित वाण तग धरून उभे राहिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत आयोवा प्रांतांतील जवळजवळ सर्व मका संकरित झाला. म्हणजे शेतकऱ्याचें मन वळण्यास सुकाळांतील भरगच्च कणीस जितकें कारण झालें, तितकेंच दुष्काळांत उभें राहिलेलें ताटहि कारण झालें.

येथें एक गोष्ट सर्वांनीं पक्की ध्यानांत धरावी. संकराचा जोर पहिल्या पिढीपुरता असतो. संकरित पिकांतील दाणा पुढील वर्षीं पेरला तर झाडें लहानमोठीं निघतात व उतारा पुष्कळ घटतो. हा कोणाचा कावा नव्हे, हा झाडाच्या वंशाचा नियम आहे.

३. एका देशाची साक्ष

आफ्रिकेच्या दक्षिण भागांत झिंबाब्वे नांवाचा देश आहे. पूर्वीं त्यास दक्षिण ऱ्होडेशिया म्हणत. जशी आमच्याकडे ज्वारी-बाजरीची भाकर, तसें तेथें मक्याच्या पिठाचें घट्ट शिजविलेलें अन्न. त्यास ते ‘सादझा’ म्हणतात. मका गेला म्हणजे घरची चूल थंड पडली. १९३२ मध्यें तेथें मक्याच्या संकराचें काम आरंभलें, १९४९ मध्यें पहिला संकरित वाण बाहेर पडला, आणि १९६० मध्यें ‘एस. आर. ५२’ नांवाचा एकेरी संकर निघाला. त्याची कीर्ति दूरवर पसरली, कारण उंच पठारावरील भरपूर पावसाच्या व खतावलेल्या जमिनींत त्याचा उतारा पूर्वीच्या वाणांहून फारच अधिक होता.

परंतु तीं उत्तम शेतें बहुतेक गोऱ्या जमीनदारांच्या हातीं होतीं. आफ्रिकी कुटुंबांच्या वांट्यास कमी पावसाची, रेताड व निकस जमीन पुष्कळ आली होती. एस. आर. ५२ यास पक्व होण्यास लांब हंगाम लागे. जेथें पाऊस उशिरां येऊन लवकर जाई तेथें दाणा भरण्याच्या आधींच ओल संपे. म्हणजे एकच बीं एका बांधापलीकडे आशीर्वाद होतें व दुसऱ्या बांधापलीकडे ओझें होतें. यास्तव १९७० नंतरच्या दशकांत तेथील पैदास करणाऱ्यांनीं कमी पावसाच्या प्रदेशासाठीं आर. २००, आर. २०१ व आर. २१५ असे लवकर पिकणारे संकर काढले. उत्तम शेतांत ते एस. आर. ५२ ची बरोबरी करीत नसत. परंतु कोरड्या प्रदेशांत पाऊस आंखडण्यापूर्वीं दाणा भरून घेत. १९८० मध्यें तो देश स्वतंत्र झाल्यावर लहान शेतकऱ्यांस हें बीं, खत, कर्ज व विक्रीचीं ठाणीं जवळ मिळूं लागलीं, आणि त्यांच्या मक्याचें उत्पन्न झपाट्यानें वाढलें.

तथापि खोटी आशा देऊं नये. १९९१-९२ च्या हंगामांत त्या भागांत पाऊस इतका थोडा झाला कीं, कोणत्याहि वाणाचा उपाय चालला नाहीं. ज्या वर्षीं ओलच नाहीं त्या वर्षीं कोणतेंहि बीं पिकत नाहीं. चांगलें बीं ताण सोसतें. तें पाऊस निर्माण करीत नाहीं.

४. भरवसा मोजावा कसा?

बीं भरवशाचें आहे असें सांगणें सोपें. तें मोजून दाखविणें कठीण. १९३८ मध्यें इंग्लंडांतील येट्स व कॉक्रन या गणितज्ञांनीं यासाठीं एक वाट सुचविली. १९६३ मध्यें ऑस्ट्रेलियांत फिनले व विल्किन्सन यांनीं जवाच्या वाणांवर ती चालवून पाहिली. आणि १९६६ मध्यें अमेरिकेंतील एबरहार्ट व रसेल यांनीं तिला मक्यासाठीं उपयोगी असें रूप दिलें. त्यांची युक्ति समजण्यास मोठें गणित नको. पुष्कळ वाण पुष्कळ शेतांत पेरावे. एका शेतांतील सर्व वाणांच्या उताऱ्याची सरासरी काढली म्हणजे तें शेत किती बरें वा वाईट आहे हें त्या मक्याच्याच तोंडून कळतें. मग प्रत्येक वाण वाईट शेतापासून चांगल्या शेतापर्यंत कसा चढत जातो तें पाहावें.

एक उदाहरण घेऊं. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं कल्पिलेले आहेत. पांच शेतें आहेत. पहिलें माळावरचें, पांचवें नदीकांठचें. सर्व वाणांची सरासरी त्या शेतांत एकरी ८, १२, १८, २४ व ३० क्विंटल आली. त्यांतील चार वाणांचा उतारा असा:

वाण क: ५, १०, १८, २७, ३५ (सरासरी १९)
वाण ख: ११, १४, १८, २१, २४ (सरासरी १७.६)
वाण ग: १०, १४, २०, २६, ३२ (सरासरी २०.४)
वाण घ: १३, ७, २२, १७, ३१ (सरासरी १८)

आतां ‘क’ पाहा. शेत सुधारलें म्हणजे तो इतरांहून वेगानें चढतो. शेताची सरासरी १ क्विंटल वाढली तर तो सुमारें १.४ क्विंटल वाढतो. नदीकांठीं तोच पहिला, आणि माळावर तोच शेवटला. ‘ख’ हळू चढतो. त्याची वाढ सुमारें ०.६ एवढीच आहे. माळावर तो ११ देतो, परंतु चांगल्या पाण्याचा व खताचा मोबदला पुरता देत नाहीं. ‘ग’ शेताबरोबर पाऊल टाकून चालतो. शेत १ वाढलें कीं तोहि १ वाढतो, आणि प्रत्येक शेतांत सरासरीहून २ क्विंटल वर राहतो. ‘घ’ याचा कांहींच नेम नाहीं. कोठें पुढें, कोठें मागें, आणि कां तें सांगतां येत नाहीं. एबरहार्ट व रसेल यांनीं ज्यास स्थिर वाण म्हटलें तो ‘ग’ सारखा: सरासरी उंच, चढण सारखी, व नेमांत राहणारा.

आतां एक घर असें समजा कीं, त्यास वर्षाच्या पोटासाठीं व कर्जाच्या हप्त्यासाठीं एकरी निदान ९ क्विंटल हवेत. त्याचें शेत पहिल्या प्रकारचें आहे. जाहिरातींत ‘क’ ची सरासरी १९ व ‘ख’ ची १७.६ वाचून तो ‘क’ घेईल व ५ क्विंटल घेऊन घरीं बसेल. सरासरी खोटी नव्हती. परंतु तीं पांचहि शेतें कोणा एकाच्या मालकीचीं नसतात. नदीकांठचे ३५ क्विंटल माळावरच्या घरांत शिजत नाहींत. उलट ज्याच्या विहिरीस बारमाही पाणी आहे त्यानें ‘क’ घेतला तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

५. असें बीं कसें घडतें?

पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं वाणांची निवड सरकारी शेतांवर, भरपूर पाणी व खत देऊन करीत असत. जेथें ताण नाहीं तेथें ताण सोसणारा वाण ओळखूं येत नाहीं. तेथें ‘क’ सारखाच वाण जिंकतो. यास्तव मेक्सिकोंतील आंतरराष्ट्रीय मका व गहूं सुधार केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत निराळी रीत धरली. त्लाल्तिझापान येथें हिंवाळ्यांत पाऊस पडत नाहीं. त्या हंगामांत पाटाच्या पाण्यावर मका पेरून, तुरा येण्याच्या सुमारास त्यांनीं पाणी मुद्दाम तोडलें.

तेव्हां त्यांस असें दिसलें कीं, ताण बसला तरी तुरा बहुधा वेळेवर येतो, परंतु कणसाचे केस मागें राहतात. केस बाहेर पडतात तोंपर्यंत पराग उडून गेलेला असतो. झाड हिरवें दिसतें आणि कणीस मात्र अर्धें रिकामें. ज्या झाडांत तुरा व केस यांमधील दिवसांचें अंतर ताणांतहि थोडें राहतें, त्यांचींच कणसें भरतात. त्यांनीं पिढ्यानपिढ्या अशाच झाडांचें बीं निवडलें. ताणांतील उतारा वाढला, आणि भरपूर पाण्याखालचा उताराहि घटला नाहीं. म्हणजे माळावरचा गुण मिळविण्यासाठीं नदीकांठचा गुण गमावावाच लागतो असें नाहीं. मात्र निवड करणाऱ्यानें दोन्ही ठिकाणीं पाहिलें पाहिजे. थोड्या नत्राच्या निकस जमिनींतहि अशाच परीक्षा सुरू झाल्या. पुढें २००७ ते २०१५ या काळांत याच केंद्रानें आफ्रिकेंतील १३ देशांत अवर्षण सोसणाऱ्या मक्याचें काम चालवून दीडशेंहून अधिक वाण शेतकऱ्यांपर्यंत पोंचविले.

आफ्रिकेच्या दक्षिण भागांत परीक्षेची एक फार उपयुक्त रीत चालली. तिला ‘आई व लेंकरें’ असें म्हणतात. गांवाच्या मध्यें, शाळेच्या किंवा तशाच सोयीच्या जागेंत, सर्व वाणांची एक मोठी परीक्षा लावतात, ती आई. त्या वाणांपैकीं चार-चार वाण निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या शेतांत, त्यांच्याच मशागतीनें पेरतात, तीं लेंकरें. आईच्या शेतांत वाण काय करूं शकतो हें कळतें; लेंकरांच्या शेतांत तो खरोखर काय करतो हें कळतें. आणि निकाल देणारा केवळ शास्त्रज्ञ नसतो. दळणारी, शिजविणारी व लेंकरांस वाढणारी घरधनीणहि असते.

६. एकसारखेपणा म्हणजे स्थैर्य नव्हे

आणखी एक इशारा १९७० सालीं अमेरिकेस मिळाला. संकरित बीं तयार करतांना आईच्या ओळीचे तुरे हातानें खुडावे लागतात. त्यास मजुरी फार पडे. टेक्सास येथें मक्याचा असा एक वंश सांपडला होता कीं, त्याच्या तुऱ्यांत परागच धरत नसे. तो गुण आईच्या वंशांत आणला म्हणजे खुडण्याचा खर्च वांचे. होतां होतां देशांतील दर पांच भागांपैकीं सुमारें चार भाग बियाण्यांत तो एकच गुण शिरला. पिशव्या निराळ्या, नांवें निराळीं, परंतु आंतला एक धागा सर्वांत तोच. करप्याची एक बुरशी नेमकी त्याच धाग्यावर चाल करणारी निघाली, आणि एका हंगामांत त्या देशाच्या मक्याचा सुमारें १५ टक्के भाग गेला.

यावरून असें दिसतें कीं, प्रत्येक बीं स्वतः उत्तम असलें तरी सर्वांचा आधार एकच असेल तर सर्व एकदम पडतात. शेतांतील वाणांची विविधता हाहि एक प्रकारचा सांठा आहे. एकेरी संकरांतील झाडें एकसारखीं असतात व एकाच वेळीं तुऱ्यावर येतात; दुहेरी संकरांत झाडें कांहींशीं भिन्न असतात, म्हणून त्यांचा फुलोरा थोडा पसरतो. यावरून दुहेरी संकर नेहमींच अधिक भरवशाचा असें मात्र म्हणतां येत नाहीं. कांहीं एकेरी संकरहि परीक्षेंत तितकेच स्थिर ठरले आहेत. निकाल नांवावरून नव्हे, शेतांवरून द्यावा.

७. आमच्या देशांत

आमच्या देशांत १९५७ सालीं अखिल भारतीय समन्वित मका सुधार योजना सुरू झाली. एकाच वाणाची परीक्षा निरनिराळ्या प्रांतांत एकाच वेळीं घ्यावयाची, हें तिचें मुख्य तत्त्व. १९६१ मध्यें गंगा १, गंगा १०१, रणजित व डेक्कन हे पहिले संकर तिनें दिले. परंतु खेडोपाडीं दरवर्षीं नवें संकरित बीं पोंचविणें कठीण, हें ओळखून १९६७ मध्यें विजय, किसान, जवाहर इत्यादि संमिश्र वाणहि देण्यांत आले. संमिश्र वाणाचा उतारा उत्तम संकराहून सामान्यतः कमी असतो, परंतु त्याचें बीं शेतकऱ्यास कांहीं वर्षें घरीं धरतां येतें. आतां बाजारांत मिळणारे बहुतेक संकर एकेरी आहेत. परीक्षेसाठीं देशाचे विभाग पाडले असून महाराष्ट्र हा कर्नाटक, तेलंगण, आंध्र व तामिळनाडु यांच्यासह द्वीपकल्पीय विभागांत मोडतो. म्हणून उत्तरेकडील मैदानांत गाजलेला वाण आमच्या माळावर गाजेलच असें धरून चालूं नये. शिवाय संकटें नवीं नवीं येतात. २०१८ सालीं अमेरिकी लष्करी अळी प्रथम कर्नाटकांत व नंतर महाराष्ट्रांत दिसली, आणि त्या वर्षापासून मक्याच्या शेतकऱ्यास आणखी एका गोष्टीकडे डोळा ठेवावा लागत आहे.

८. आम्हीं काय करावें?

पहिलें, बीं घेतांना ‘किती पिकतें?’ एवढेंच विचारूं नये. किती दिवसांत पिकतें, कोरडवाहूस सांगितलें आहे कीं ओलितास, खरिपाचें कीं रब्बीचें, आणि आपल्या विभागांत किती ठिकाणीं व किती वर्षें त्याची परीक्षा झाली, हें विचारावें. दुकानदारास सांगतां आलें नाहीं तर तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यास किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांत विचारावें.

दुसरें, सारें शेत एकाच पिशवीवर लावूं नये. शक्य असेल तर मुदतीनें भिन्न असे दोन वाण घ्यावे. एकाच्या तुऱ्यावर पावसाची ओढ पडली तर दुसरा कदाचित् वांचेल.

तिसरें, पावती व पिशवीवरची चिठ्ठी जपून ठेवावी आणि मूठभर बींहि बाजूस ठेवावें. बीं खरोखरच खोटें निघालें तर दाद मागण्यास हाच पुरावा असतो.

चौथें, संकरित मक्याचा दाणा पुनः पेरूं नये. ज्यास दरवर्षीं नवें बीं घेणें झेपत नाहीं, त्यानें संमिश्र वाण घ्यावा. बीं धरतांना बांधावरचीं नव्हे तर शेताच्या मध्यभागांतील पुष्कळ निरोगी झाडांचीं कणसें घ्यावीं. दोनचारच मोठ्या कणसांवर भुलूं नये.

पांचवें, प्रत्येक मंडळीनें आपली लहानशी परीक्षा करावी. मंदिराच्या किंवा एखाद्या सभासदाच्या जमिनींत तीन-चार वाणांच्या सारख्या लांबीच्या ओळी, एकाच दिवशीं, एकाच खतावर पेराव्या. आणि त्याच वाणांच्या दोन-दोन ओळी चार निरनिराळ्या शेतांत लावाव्या. पेरणीचा दिवस, तुऱ्याचा दिवस, केसांचा दिवस व वाळलेल्या दाण्याचें वजन वहींत लिहावें. एका वर्षावरून निकाल देऊं नये. तीन वर्षांनीं ती वही गांवास कोणत्याहि जाहिरातीपेक्षां अधिक खरें सांगेल.

उपदेशक बंधूंस आमची आणखी एक विनंती आहे. लोक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवितात. म्हणून कोणत्याहि दुकानाचे दलाल होऊं नका. ज्या गोष्टीची तुम्हीं स्वतः परीक्षा पाहिली नाहीं तिची शिफारस करूं नका. एका कुटुंबाचें वर्ष त्या शब्दावर टांगलेलें असतें.

९. योसेफाचा हिशेब

कोणी म्हणेल, पीक देणें देवाच्या हातीं आहे, मग एवढा हिशेब कशाला? याचें उत्तर मिसर देशांतील योसेफानें देऊन ठेविलें आहे. देवानें त्यास येणाऱ्या वर्षांचा अर्थ कळविला. परंतु कोठारें बांधण्याचें व पांचवा हिस्सा सांठविण्याचें काम मनुष्यांनींच करावयाचें होतें. सुकाळाच्या सात वर्षांत पीक मोजतां येईना इतकें आलें. तरी योसेफ त्या सातांवर भुलला नाहीं. त्यानें चौदाहि वर्षें एका हिशेबांत धरलीं आणि सर्वांत वाईट वर्षीं घराघरांत भाकर असावी अशी तजवीज केली. ज्यास देवानें वेळेवर सावध केलें त्यानें हात जोडून स्वस्थ बसणें हा विश्वास नव्हे.

मक्याची पैदास करणारे आज जें करतात तें या योसेफी हिशेबाहून फार निराळें नाहीं. उत्तम शेतांतील उत्तम वर्ष पाहून ते बीं निवडीत नाहींत. माळावरचें, ओलिताचें, निकस मातीचें, कोरड्या वर्षाचें व भर पावसाचें अशीं सर्व शेतें समोर ठेवून निवडतात. आमच्या घरांनींहि बीं घेतांना तसेंच करावें. आणि हंगामाच्या उपकारस्तुतीस जेव्हां नदीकांठचा बंधु आपलें पोतें व माळावरचा बंधु आपली टोपली वेदीपाशीं आणील, तेव्हां मंडळीनें हें ओळखावें कीं, दोघांचें शेत निराळें, पाऊस निराळा व उतारा निराळा. टोपलीस हंसूं नये. आणि पोतें आणणाऱ्यानें पुढील पेरणीस टोपलीवाल्याची आठवण ठेवावी.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एकाच बियाचा उतारा निरनिराळ्या शेतांत निराळा कां येतो? आपल्या गांवांतील दोन शेतांचें उदाहरण द्या.
२. एस. आर. ५२ हा वाण उत्तम असतां कोरड्या प्रदेशांतील शेतकऱ्यांच्या उपयोगीं कां पडला नाहीं?
३. वरील ‘क’, ‘ख’, ‘ग’ व ‘घ’ या वाणांपैकीं तुमच्या शेतासाठीं तुम्ही कोणता घ्याल, व कां?
४. ताण बसला असतां झाड हिरवें असूनहि कणीस रिकामें कां राहतें?
५. १९७० सालच्या करप्यापासून कोणता धडा मिळतो?
६. योसेफानें चौदा वर्षांचा हिशेब एकत्र केला. आमच्या मंडळींत तसें कोणतें काम या हंगामापूर्वीं करतां येईल?